लाल पानांचा पाहुणा



मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळातल्या एका सुनेचा फोन आला. तिच्या नव्या बंगल्याच्या अंगणात तिला जपानी मेपल लावायचंय. म्हणाली, "काकू, तुमच्याकडे होतं ना ते झाड?" मी पटकन "हो, होतं" म्हणाले आणि माझं मलाच वाईट वाटलं. होतं, कारण दोनातलं एक गेलं. तिला म्हटलं, फोनवर सांगण्यासारखं नाही, सविस्तर लिहूनच पाठवते. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट नुसत्या खतपाण्याची नाही. या झाडाला मोठा इतिहास आहे, आणि तो वाचल्यावर माझं झाड का गेलं तेही मला कळलं.

आधी घरातलं सांगते. हे निवृत्त झाल्यावर आम्ही पुण्यातला फ्लॅट मुलाकडे सोपवून इकडे मुळशीत, पौडजवळ राहायला आलो. मुलगा कंपनीच्या कामासाठी नोव्हेंबरात जपानला गेला होता. तिथल्या लालबुंद झाडांचे फोटो त्याने रोज पाठवले. परत आल्यावर आईला हौस म्हणून एका नर्सरीतून दोन रोपं आणली. एकेक साडेचार हजाराचं! विकणाऱ्याने सांगितलं, "मावशी, मुळशीची हवा थंड, इथे मस्त येतं." मी बी.कॉम. झालेली बाई, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करते, पण इथे एक प्रश्नही विचारला नाही.

एक रोप फाटकाजवळ जमिनीत लावलं, दुसरं कुंडीत. एप्रिलमध्ये फाटकाजवळच्या रोपाची पानं टोकांकडून करपायला लागली. मी घाबरून जास्त पाणी घातलं. जुलैत आठ-आठ दिवस पाऊस उघडला नाही, खड्ड्यात पाणी साचलं आणि गौरी-गणपतीच्या आत मुळं कुजून रोप गेलं. उपटलं तेव्हा मुळांना वास येत होता. त्या दिवशी प्रतिक्रमणाला बसले तर पाठ म्हणताना वनस्पतिकायाशी आले आणि तिथेच अडकले. आपण भाजी चिरतानाही मर्यादा ठेवतो, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं टाळतो, आणि इथे निव्वळ हौसेपायी एक जीव हजारो मैलांवरच्या जातीतला आणून मारला. मग मी ठरवलं, हे झाड मुळात कुठलं, कसं वाढतं, ते तरी समजून घ्यायचं.

हे झाड जपान, कोरिया आणि चीनच्या पूर्व भागातलं. डोंगरातल्या मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं, म्हणून त्याला कडक ऊन सोसत नाही. जपानी भाषेत मेपलला दोन नावं आहेत. एक काएदे. त्याचा मूळ अर्थ बेडकाचा हात, कारण पान तसंच बोटं फाकल्यासारखं दिसतं. दुसरं नाव मोमिजी. हा शब्द आधी शरद ऋतूत रंग बदललेल्या पानांसाठी होता. त्या रंगात मेपल सगळ्यांत उठून दिसतो, म्हणून पुढे तो मेपललाच चिकटला. लाल पानं बघायला डोंगरात जाण्याची तिथे जुनी रीत आहे, तिला मोमिजीगारी म्हणतात. आधी ती दरबारातल्या लोकांची करमणूक होती, नंतर सामान्य माणसंही डबे बांधून जायला लागली. आपण कोजागरीला गच्चीवर जमतो, तसंच. ओसाकाजवळ मिनो नावाचं गाव आहे. तिथे मेपलची पानं वर्षभर मिठात ठेवतात आणि मग गोडसर पिठात बुडवून तळतात. आमच्या सूनबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, म्हणजे त्यांची अळूवडीच की!" मी म्हटलं, वर्षभर मिठात ठेवलेलं आपल्याला कुठलं चालायला!

क्योतोमध्ये तोफुकुजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. मेपलसाठी ते आजही प्रसिद्ध आहे. त्याची एक कथा सांगतात. सहाशे वर्षांपूर्वी तिथे मिंचो नावाचे भिक्षू होते, फार मोठे चित्रकार. त्यांचं चित्र पाहून शोगुन आशिकागा योशिमोची खूश झाला आणि म्हणाला, काय हवं ते मागा. मिंचोंनी ना धन मागितलं ना पद. ते म्हणाले, मंदिराच्या आवारातली चेरीची झाडं काढून टाका, नाहीतर फुलं बघायला गर्दी होईल आणि साधनेची जागा मौजमजेची होईल. चेरी गेल्या, मेपल राहिले. आणि आज गंमत अशी की नोव्हेंबरात तिथे मेपल बघायलाच इतकी गर्दी होते की विचारू नका! मला या कथेत मिंचोंचा निर्मोहीपणा आवडला, पण झाडं तोडायला लावणं काही पटलं नाही. आपले मुनिराज असते तर झाडं ठेवून स्वतः विहार करून पुढे गेले असते, असं मनात आलं.

इडो म्हणजे आजचं टोकियो. तिथल्या सोमेई गावात माळ्यांची वस्ती होती. त्यातल्या इतो इहेई नावाच्या माळी घराण्याने बागकामाचे ग्रंथ लिहिले. १७१० सालच्या ग्रंथात मेपलचे ३६ प्रकार दिले आहेत. म्हणजे आपल्याकडे शाहू महाराजांची कारकीर्द नुकती सुरू झाली होती, तेव्हा तिकडे माळी एका झाडाच्या छत्तीस जाती नावानिशी सांभाळत होते. या जाती बियांपासून जशाच्या तशा येत नाहीत. बी लावलं की पोर आईसारखं निघेलच असं नाही. त्यामुळे कलमच करावं लागतं. म्हणजे आज आपल्या कुंडीत जे नावाचं झाड येतं, ते पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी हाताने एकापासून दुसरं करत आणलेलं असतं. हे कळल्यावर साडेचार हजार कशाचे ते मला समजलं.

जपानने तेव्हा परदेशी लोकांना दारं बंद केली होती. डच व्यापारी तेवढे नागासाकीजवळ देजिमा नावाच्या छोट्याशा कृत्रिम बेटावर राहू शकत, पण परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. १७७५ साली तिथे कार्ल पीटर थुनबर्ग नावाचा स्वीडिश डॉक्टर आला. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसचा हा शिष्य. बाहेर जाता येईना, तेव्हा बेटावरच्या जनावरांसाठी जो चारा येई, त्यातलीच पानं-फुलं तो निवडत बसे. पुढे डच मंडळींबरोबर त्याला इडोपर्यंत जायला मिळालं, तेव्हा त्याने वाटेत झाडं गोळा केली. १७८४ साली त्याचा जपानच्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला आणि त्यात आपल्या या झाडाला नाव मिळालं, एसर पाल्मेटम, म्हणजे हाताच्या पंजासारख्या पानाचा मेपल. पान तेच, जपान्यांना त्यात बेडूक दिसला आणि स्वीडनच्या डॉक्टरला माणसाचा पंजा. अनेकांत शिकवायला आणखी वेगळं उदाहरण नको!

त्यानंतर १८२३ मध्ये सीबोल्ड नावाचा जर्मन डॉक्टर देजिमाला आला. जपानचे नकाशे जवळ बाळगले म्हणून १८२९ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं, पण त्याने गोळा केलेली झाडं नेदरलँड्समधल्या लायडनला पोचली. १८५९ मध्ये योकोहामा बंदर खुलं झालं आणि १८९० मध्ये तिथे योकोहामा नर्सरी ही कंपनी निघाली. रंगीत सूचीपत्रं छापून ती झाडं जगभर पाठवू लागली. विलायतेला आणि अमेरिकेला मेपल पटकन मानवला, कारण तिथे हिवाळा कडक आणि उन्हाळा बेताचा.

दुसऱ्या महायुद्धात जपानमध्येच मेपलवर संक्रांत आली. अन्नाची आणि सरपणाची टंचाई झाली तेव्हा किती तरी बागा तुटल्या, काही जाती कायमच्या नाहीशा झाल्या. पुढे अमेरिकेत ओरेगॉनमधल्या व्हर्ट्रीज नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने जगभरातून या जाती जमवल्या आणि १९७८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. ज्याला जे जपायचं असतं, तो ते परक्या देशातही जपतो.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तुमच्यापैकी बऱ्याच जणी गेल्या असतील. त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून ते बेतलं आहे. पुलंचं नाव मला तिथे योग्य वाटतं, कारण 'पूर्वरंग'मधून आमच्या पिढीने पहिल्यांदा जपान पाहिला.

ती मूळ कोराकुएन बाग ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने करवली. त्याचा कारभारी त्सुदा नागातादा याने १६८७ मध्ये काम सुरू केलं आणि १७०० मध्ये बाग पुरी झाली. त्या वर्षांत आपल्याकडे स्वराज्यावर औरंगजेब चालून आला होता. बागेत तळं, टेकडी, चहाचे वाफे आणि चक्क भातखाचरसुद्धा आहे. मेपलची एक राईही आहे. कोराकुएन म्हणजे नंतर सुख घेण्याची बाग. राज्यकर्त्याने आधी लोकांच्या दुःखाची काळजी करावी, स्वतःचं सुख मागाहून बघावं, या जुन्या चिनी विचारावरून हे नाव आलं. १८८४ मध्ये ती सर्वसामान्यांसाठी खुली झाली. १९३४ च्या पुराने तिचं नुकसान झालं, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात इमारती जळाल्या. पण सरदारांच्या काळातली चित्रं आणि आराखडे जपून ठेवलेले होते, त्यांवरून बाग पुन्हा होती तशी उभी केली. घरातले जुने कागद फेकू नका म्हणून मी सारखी ओरडते, ते काही उगाच नाही!

मेपलचं रोप गेल्यावर मी मुद्दाम पुण्यातल्या या बागेत गेले. शेजारच्या खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी झऱ्यांतून खेळवलंय, हिरवळ आहे, पूल आहेत, तळ्यात मासे आहेत. मी दोन तास मेपल शोधत फिरले, मला काही दिसला नाही. आधी हिरमुसले. मग एका बाकावर बसल्यावर उमगलं की दिसला नाही तरी जपान दिसतोयच की! बागेची मांडणी जपानची आणि झाडं इथली हवा सोसणारी. घरी मी नेमकं उलटं केलं होतं. झाड जपानचं आणलं आणि त्याची हवा तिकडेच राहिली.

कारण साधं आहे. ओकायामा विषुववृत्तापासून साधारण ३४ अंश उत्तरेला, आपण साडेअठरा अंशांवर. मेपलला हिवाळ्यात दोन-तीन महिने खरी थंडी लागते. त्या काळात तो पानं टाकून झोपतो आणि नवीन कोंब तयार करतो. आपल्याकडे डिसेंबरात चार रात्री शाल घ्यावी लागते, तेवढ्याने त्याची झोप पुरी होत नाही. वर एप्रिलची झळ. आणि पाऊस तर असा की ताम्हिणीकडे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात जातो. परदेशी सगळीच झाडं इथे मरतात असं नाही. गुलमोहर मादागास्करचा, पण आता कुणाला परका वाटतो? त्याला ऊन हवं होतं, ते इथे भरपूर मिळालं. मेपलचे नातेवाईक भारतात आहेत, पण ते हिमालयात. काश्मीरचा चिनार पानाने मेपलसारखा दिसतो, पण तो मेपल नव्हे, वेगळ्याच कुळातला आहे.

मुळशीत राहून उपटण्याबद्दल लिहायचं आणि मुळशीचाच इतिहास विसरायचा, हे बरं नाही. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने मुंबईला वीज देण्यासाठी धरण बांधायला घेतलं, तेव्हा पन्नासेक गावांच्या जमिनी जाणार होत्या. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. बायकाही त्यात होत्या. पुढे सेनापती बापटांचं नाव या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. १९२४ पर्यंत लढा चालला आणि शेवटी गावं पाण्याखाली गेली. तेव्हा ज्यांच्याकडे जमिनी गहाण होत्या, त्या पुण्याच्या सावकारांना भरपाईचा पैसा चालणार होता. कसणाऱ्याला आंबेमोहोराची खाचरंच हवी होती. मी हिशेब शिकलेली बाई, आणि आपल्या समाजात व्यापार रक्तात आहे, म्हणून ही गोष्ट मला जास्त टोचते. सावकाराच्या वहीत जमिनीची किंमत रुपयांत मांडून संपते. त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या माणसाचं मूळ कुठल्या खात्यात लिहायचं? आज त्याच परिसरात आमच्यासारखी मंडळी घरं बांधतात आणि दारात दुसऱ्या देशातली झाडं उपटून आणून लावतात. मी माझ्यासकट म्हणतेय.

तर सुने, आता तुझ्यासाठी कामाचं. झाड आणायचं की नाही ते तू ठरव. पण कुणाकडे ते आधीच असेल, तर त्याला मरू देऊ नका. माझ्या कुंडीतलं दुसरं रोप चौथ्या वर्षात आहे. मी हे करते:

जमिनीत लावत नाही, कुंडीतच ठेवते. आपली तांबडी माती, कोकोपीट, पूर्ण कुजलेलं थोडं शेणखत आणि बारीक खडी, असं मिश्रण. पाणी लगेच निथळलं पाहिजे.

कुंडी पूर्वेच्या भिंतीशी. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन पुरे. मार्चपासून वर हिरवी जाळी आणि मातीवर पालापाचोळ्याचा दोन बोटं थर.

बोट मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा जळतात, म्हणून मी पावसाचं पाणी झाकून साठवते आणि गाळून घालते.

पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत, दोन विटांवर. खाली ताटली अजिबात नको.

थंडीत रात्री उघड्यावर ठेवायची, म्हणजे मिळेल तेवढा गारवा मिळतो. ऑक्टोबरनंतर खत बंद. पानं गळली तर रडू नका, पाणी कमी करा. मेलं असं वाटलं तर फांदी नखाने किंचित खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जीव आहे.

कलमाच्या गाठीखालून फुटलेला कोंब लहान असतानाच काढावा लागतो. तो राहिला तर खालचं रानटी झाड वरच्याला खाऊन टाकतं. "लाल आणलं आणि हिरवं झालं" ही तक्रार बहुतेक वेळा त्याचीच असते. बाकी फांद्यांना मी हात लावत नाही, वाळलेल्या तेवढ्या काढते, तेही पानं गळलेली असताना.

ही कात्री हातात घेतली की मला मंदिरातलं लेश्यांचं चित्र आठवतं. सहा भुकेले वाटसरू आणि फळांनी लगडलेलं झाड. पहिल्याला झाड मुळासकट पाडायचंय, दुसऱ्याला बुंध्यापासून, तिसऱ्याला मोठी फांदी हवी, चौथ्याला डहाळी, पाचव्याला फक्त फळं. सहावा खाली पडलेली फळं वेचतो. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचा प्रवास लहानपणी आजीने मला त्या चित्रावरच बोट ठेवून शिकवला. आपल्या सह्याद्रीतल्या देवरायांचा नियम त्या सहाव्या माणसाच्याही पुढचा. तिथे पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. असला नियम कुठल्या सरकारने केला नव्हता, गावच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी तो शेकडो वर्षं पाळला.

फाटकाजवळच्या त्या रिकाम्या खड्ड्यात काय लावायचं, हे मी वर्षभर ठरवलं नव्हतं. मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फाल्गुनात मला गावामागच्या डोंगरावर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "बाई, तुमाला लाल झाड पायजे ना? ह्ये बघा." समोर कोशिंब उभा होता, नव्या पालवीने नखशिखांत लाल. मेपल म्हातारपणी लाल होतो, पानं गळायच्या आधी. आपला कोशिंब बाळपणी लाल असतो आणि मग हिरवा होतो. माझ्या मुलाने कॅमेऱ्यातून आणलेला जपान मला पौडच्या डोंगरावर भेटला, आणि इतकी वर्षं मी त्याच्याकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं.

त्या खड्ड्यात आता कोशिंबाचं रोप आहे. रोपाला एक पैसा पडला नाही, मावशींनी आणून दिलं. गुडघ्याएवढं झालंय. त्याची लाल पालवी डोळे भरून पाहायला मी असेन की नाही, ठाऊक नाही, नातवंडं पाहतील. कुंडीतला मेपलही आहे, त्याला शेवटपर्यंत सांभाळणार. आलेल्या पाहुण्याला आपण हाकलत नाही. फक्त नवीन पाहुणा बोलावण्याआधी आपल्या घरात त्याची झोपायची सोय आहे का, एवढं विचारायला मी शिकले.

तुमच्या अंगणात कुठलं झाड हौसेचं आणि कुठलं आपसूक आलेलं, ते मला जरूर कळवा. कळत-नकळत काही चुकलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.